अडकलेला कागद

शुक्रवारी संध्याकाळी १८० पानांचं डॉक्युमेंट प्रिंटला टाकलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर ट्रेमध्ये ३१ पानं आणि लाल दिवा. कागद अडकलेला! माझ्यामागे चौघांचे जॉब तुंबलेले, पण कोणालाच पत्ता नाही.

हात काळे करता करता रिचर्ड स्टॉलमन आठवला. १९८० च्या सुमाराची गोष्ट. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये तो प्रोग्रामर होता, वय २७, म्हणजे साधारण माझ्याएवढाच. त्याने ५० पानं प्रिंटला पाठवली. जाऊन बघितलं तर ट्रेमध्ये चारच, तीही दुसऱ्याची.

लॅबच्या जुन्या प्रिंटरवर त्याने यावर तोड काढली होती. कागद अडकणं हा यंत्राचा दोष, तो कोडने कसा जाणार? म्हणून त्याने एवढंच केलं, की कागद अडकला की ज्यांचे जॉब रांगेत आहेत त्या सगळ्यांना स्क्रीनवर निरोप जाईल. मग कोणीतरी उठणारच ना! मला हा उपाय अजूनही भारी वाटतो.

नवा प्रिंटर झेरॉक्सचा, लेझर. पण त्याचा सोर्स कोड लॅबला मिळालाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळलं. स्टॉलमन तिकडे गेला तेव्हा त्याने मागितला. तो माणूस नाही म्हणाला. कोड कोणाला देणार नाही असं वचन देऊन बसला होता. स्टॉलमन चिडून निघून आला.

पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा, १९८४ मध्ये नोकरीचा राजीनामा, १९८९ मध्ये जीपीएल. सगळं एका प्रिंटरमुळे झालं म्हणणं जरा फिल्मीच. लॅबमधली मंडळी फुटून कंपन्यांत गेली, हा घावही मोठा होता.

कॉलेजात लिनक्स टाकताना ही गोष्ट ऐकली, तेव्हा आम्ही सगळे अर्थातच स्टॉलमनच्या बाजूने. शुक्रवारी मात्र मला तो नाही म्हणणारा आठवत राहिला. जॉइनिंगच्या दिवशी तसल्याच कागदावर मीही सही केलीय, न वाचता. गेल्या वर्षी कॉलेजच्या मित्राने एका बगसाठी माझ्या कोडच्या चाळीसेक ओळी मागितल्या होत्या.

"नाही जमणार रे," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन नाही.