मगर, बंदूक आणि कॅमेरा: बघण्याच्या अंतराचा इतिहास

पुण्यातल्या कसबा पेठेतून बोलतोय. मागे ठकठक ऐकू आली तर हेडफोन बिघडलेले नाहीत, आपली तांबट आळी कामाला लागलीये. आज विषय आहे जंगली मगरींचा. माणूस त्यांच्याकडे कसा बघत आला, आणि त्यांचे फोटो कसे काढायला लागला, याचा.

आता तुम्ही म्हणाल, कसब्यात बसून मगरी? तर बघा, आपल्या शेजारची मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा शेवटी कृष्णेला. याच कृष्णेच्या वरच्या अंगाला सांगली जिल्हा आहे. पुण्याहून गाडीने चार-पाच तास. तिथे औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात आजही मगरी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. अभयारण्य नाही की तिकीट खिडकी नाही. एका बाजूला ऊस, मध्ये नदी, आणि गाळावर मगर. कोकणात महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी इथेही तेच.

आधी नावाचा घोळ मिटवू. सोशल मीडियावर आपल्याकडच्या मगरीला लोक सर्रास ‘ॲलिगेटर’ म्हणतात. खरा ॲलिगेटर जगात दोनच ठिकाणचा, अमेरिकेतला आणि चीनमधला. भारतात जंगली ॲलिगेटर नाही. ओळखायचं कसं? तोंड मिटल्यावरही खालच्या जबड्यातला मोठा चौथा दात बाहेर दिसला, तर ती क्रोकोडाइल, म्हणजे आपली मगर. पण ही चूक आजची नाही बरं का. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातसुद्धा नोंद आहे की भारतातले इंग्रज इथल्या मगरींना ॲलिगेटरच म्हणत. शास्त्रीय नावात मात्र तिचा पत्ता आहे. ‘क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस’ मधलं पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतली.

त्या इंग्रजांनी मगरीकडे बघितलं ते बहुतेक वेळा बंदुकीच्या नळीवरून. नंतर कातडीचा व्यापार आला. पर्स, पट्टे, बूट. मगर ऊन खायला काठावर येते आणि तासन् तास हलत नाही, म्हणजे नेमबाजाला आयतंच लक्ष्य. तिची ही सवयच तिच्या जिवावर उठली.

आणि गंमत बघा, कॅमेराही शिकारीच्याच घरातून आला. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी रात्री होडीत आगटी पेटवून शिकार करत. उजेडात जनावराचे डोळे चमकले की नेम धरायचा. जॉर्ज शायरस नावाच्या अमेरिकन माणसाने हीच युक्ती उचलली आणि बंदुकीच्या जागी फ्लॅश लावलेला कॅमेरा ठेवला. त्याचे फोटो जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात आले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी वाघाच्या वाटेवर तार बांधायचा. वाघाचा पाय तारेला लागला की फोटो निघायचा. त्याचं पुस्तक १९२७ चं. म्हणजे आजच्या कॅमेरा ट्रॅपचा आजोबाच म्हणा ना!

मगरींची मोजणी आजही त्याच जुन्या युक्तीवर चालते. रात्री होडीतून बॅटरीचा झोत टाकला की पाण्यावर मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. शिकाऱ्याला जे चमकणारे डोळे हवे असायचे, तेच आता अभ्यासक मोजतो. तंत्र तेच, हेतू बदलला.

हा हेतू कायद्यात उतरायला १९७२ साल उजाडलं. वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मगरीची शिकार गुन्हा ठरली. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने भारताचा मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी उचलायची, सुरक्षित जागी उबवायची, पिल्लं मोठी करून परत सोडायची. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ क्रोकोडाइल बँक उभी केली. तिकडे अमेरिकेत १९६७ मध्ये धोक्यात असल्याचं जाहीर झालेला ॲलिगेटर १९८७ पर्यंत सावरून त्या यादीतून बाहेरही आला.

मगर जिवंत राहिली म्हणून ती नीट बघता आली, आणि बघितल्यावर कळलं की हे जनावर नुसतं ‘पडीक’ नाही. आई पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूतल्या उबेवर ठरतं. म्हणजे काठावरची वाळू उपसली, तर नुसती वाळू जात नाही, प्रसूतिगृह जातं.

पण या सगळ्याची दुसरी बाजू आहे. शहरातल्या माणसासाठी मगर म्हणजे फोटो. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मोटार चालू करायला त्याच पाण्याशी उतरावं लागतं. कुणी कपडे धुतं, कुणी जाळं टाकतं. तिथे माणसं जखमी झालीत, गेलीतही. काठावर उभं राहून ‘किती भारी’ म्हणणं सोपं आहे. संवर्धनाची किंमत मात्र तो काठ मोजतो.

अशा काठावरच्या लोकांनी स्वतःचा मार्ग पूर्वीच शोधला होता. गोव्यात पौष अमावास्येला काही गावांत ‘मानगे थापणी’ होते. मानगे म्हणजे मगर. खाजण शेताजवळ चिखलाची मगर घडवतात, शिंपल्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. बांध शाबूत राहू दे, आमच्या वाटेला जाऊ नकोस, असा त्यामागचा भाव. मला यात भोळेपणा दिसत नाही. मगर इथे राहणार आणि आपणही राहणार, मग मध्ये अंतर ठेवू, असा तो करार आहे.

स्मार्टफोन नेमका हा करार मोडतो. जुन्या फोटोग्राफरला लांबूनच काम करावं लागायचं, कारण जवळ जायची त्याची हिंमत नव्हती आणि लांबची लेन्स त्याच्याकडे होती. आपल्या फोनचा झूम फाटतो, म्हणून आपण पाय पुढे टाकतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबागला छपरावर बसलेली मगर सगळ्यांच्या स्टेटसवर होती. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालणारी मगरही तशीच फिरली. असे व्हिडिओ बघून पहिली मागणी येते, ‘मगरी इथून हलवा.’ ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरी हलवून बघितल्या. एक तर ४०० किलोमीटरहून जास्त पोहून मूळ जागी परत आली! उचलून दुसरीकडे सोडणं हे उत्तर असतंच असं नाही.

म्हणून बघायचं असेल तर असं बघा. थंडीतली सकाळ धरा, तेव्हा मगर ऊन खायला बाहेर येते. कोकणात ओहोटीची वेळ साधा, खाडीतला चिखल उघडा पडतो. उंच काठावरून किंवा माहीतगार नावाड्याच्या होडीतून बघा, पाण्याच्या कडेला बसू नका. अमेरिकेतल्या एव्हरग्लेड्समध्ये ॲलिगेटरपासून किमान १५ फूट लांब राहा असा नियम आहे, आणि तिथे आखलेल्या पायवाटा आहेत. आपल्या नदीकाठी ना पायवाट ना पाटी, तेव्हा आपलं अंतर त्याहून कितीतरी जास्त हवं. खायला काही टाकू नका, कारण माणूस म्हणजे खाऊ हे मगर लवकर शिकते आणि त्याची शिक्षा गावाला होते. पोस्ट करताना घरट्याचं लोकेशन टाकू नका. वस्तीत मगर दिसली तर रील नंतर, आधी वन विभागाचा १९२६ नंबर.

फोटो थोडा धूसर आला तर येऊ दे. मगर तिच्या जागी आणि गावकरी त्यांच्या जागी सुखरूप असतील, तर तो फोटो चांगलाच म्हणायचा. तुमच्या गावच्या नदीत मगर असेल, तर आजी-आजोबा तिच्याबद्दल काय सांगायचे ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!