ॲस्बेस्टॉसचा कर्करोग : लक्षणे ओळखताना

ॲस्बेस्टॉसच्या सूक्ष्म तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो. तसाच फुप्फुसाच्या वा पोटाच्या आवरणाचा ‘मेसोथेलिओमा’ हा दुर्मीळ कर्करोगही होतो. तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यापासून मेसोथेलिओमा उघड होईपर्यंत बहुधा २० ते ४० वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लोटतो. सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनिंग किंवा बॉयलरची आवरणे यांच्या कामातून निवृत्त झालेल्या माणसाला तोवर त्या धुळीचे स्मरणही उरत नाही.

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. चालताना दम लागणे, छातीत एका बाजूला सतत दुखणे, कोरडा खोकला, कारणाविना वजन घटणे. दम लागतो तो बहुतेकदा फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यामुळे. आपल्याकडे ‘छातीत पाणी झाले’ की पहिला संशय क्षयरोगाचा येतो, आणि तो गैरही नाही. मात्र काढलेले पाणी पुन्हा भरत असेल, तर आवरणाचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी, टाळू नये. केवळ एक्स-रेवरून निदान पक्के होत नाही. पोटाच्या प्रकारात पोट फुगते व दुखते. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झालेला आहे.

म्हणूनच पूर्वीचे काम डॉक्टरांना न विचारता सांगावे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. त्या नोंदी कारखान्याकडे मागाव्यात आणि तपासणीला सोबत न्याव्यात.