पंचवीस टी-शर्टांचा धडा
मँचेस्टरच्या आमच्या ढोलपथकाचे २५ सुती टी-शर्ट पहिल्याच धुण्यात फिके पडले. छपाई सब्लिमेशनची होती. तिच्यात उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. सुतात टिकत नाही.

याच शहरातल्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. त्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणून थोडे नग महाग पडतात. डिजिटल छपाईने जाळी काढून टाकली. सुतावर डीटीजी शोभते: शाई थेट कापडावर, गडद रंगाला आधी पांढरा थर. डीटीएफ फिल्मवरून बहुतेक कापडांवर चिकटते, पण हाताला जाणवते.

जाळी गेली, तरी कापड ओळखणे सुटलेले नाही. यंदा गणपतीआधी आम्ही पहिल्यांदा कापडच विचारले.