लायसन्सची उजळणी

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसावे लागले. तेहतीस वर्षे खाप्याच्या एका शाळेत इतिहास शिकविला. मुलांना सनावळ्या पाठ करावयास लावल्या, चुकल्यास उभे केले. आता नागपूरच्या एका खोलीत वीसेक मंडळींबरोबर मी बसलो होतो, आणि समोरचे गृहस्थ मला विचारीत होते, "सर, पुढची गाडी थांबली तर तुम्हाला थांबायला किती जागा लागेल?" मला उत्तर आले नाही. शेजारचा ट्रकवाला गालातल्या गालात हसला.

हा प्रसंग ओढवला माझ्याच पायाने, म्हणजे उजव्या पायाने. 2023 सालच्या उन्हाळ्यात सावनेरहून नागपूरकडे मोटार घेऊन जात असता वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल मला अडविण्यात आले. घाई कसली होती म्हणाल, तर कसलीच नव्हती. रस्ता रुंद झाला आहे, मोटार नवी होती, आणि निवृत्त माणसाला आपण अजून कुठेतरी वेळेवर पोहोचावयाचे आहे असे वाटत राहते, एवढेच. दंडाचे चालान झाले ते मी भरले. पण प्रकरण तेथे मिटले नाही. लायसन्स तीन महिने जमा राहिले, आणि ते परत हवे असेल तर उजळणीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागेल, असे मला सांगण्यात आले. मला राग आला. दंड भरला की हिशेब संपला, ही माझी समजूत. ती कोठून आली याचा शोध घेता घेता मी माझ्या जुन्या धंद्याकडे, म्हणजे इतिहासाकडे वळलो.

वेगाबद्दल दंड झालेला पहिला मोटारवाला म्हणून वॉल्टर अर्नोल्ड या इंग्रज गृहस्थाचे नाव घेतात. 28 जानेवारी 1896 रोजी केंट परगण्यातील पॅडक वुड गावातून तो ताशी आठ मैलांच्या वेगाने गेला. मर्यादा होती दोन मैलांची, आणि गाडीपुढे माणूस चालत असला पाहिजे हा नियमही त्याने मोडला होता. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडले. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग आणि वर खर्च. अर्नोल्डसाहेब मोटारी विकण्याचा धंदा करीत, तेव्हा ही जाहिरात त्यांना स्वस्तातच पडली म्हणावयाची. दंडाने माणूस सुधारतो, या कल्पनेची सुरुवात ही अशी झाली.

त्याच वर्षी 17 ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. चौकशीत चालकाने सांगितले की, आपण घंटा वाजविली होती, ओरडलोही होतो. बाई गोंधळून जागच्या जागी उभी राहिली. ज्युरीने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. कोणाचा दोष नाही! ही हकीगत मी वाचली तेव्हा मला वाटले, पुढील सव्वाशे वर्षे मोटार हाकणाऱ्यांनी जी साक्ष दिली तिची ही मूळ प्रत आहे. मी घंटा वाजविली होती. मी हॉर्न दिला होता. माझी बाजू होती.

आमच्याकडे कायदा आला 1914 साली. हिंदुस्थानभर लागू झालेल्या त्या मोटार कायद्याने गाडीची नोंदणी आणि चालकाचे लायसन्स आणले, बेदरकारपणे हाकणे गुन्हा ठरविले. त्याच्या जागी 1939 चा कायदा आला, आणि त्याखाली आमच्या भागासाठी 1940 चे मध्यप्रांत व वऱ्हाडचे मोटार नियम झाले. खापा तेव्हा मध्यप्रांतात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आम्ही मराठी बोलत, पण राज्यकारभाराच्या दृष्टीने मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर ही त्याची राजधानी होती, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

या सर्व कायद्यांचा मला पुस्तकाबाहेरचा परिचय आहे, कारण माझे वडील ट्रक चालवीत. खाप्याजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. तेथला माल ते वाहत. त्यांचे पहिले लायसन्स 1951 चे. पत्र्याच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या खाली ते अजून आहे. चालकाची परीक्षा त्या कायद्याच्या एका परिशिष्टात लिहिलेली असे. गाडी सुरू करणे, वळविणे, मागे नेणे, एकाएकी थांबविणे, हाताचे इशारे करणे, असे सारे आपल्या गाडीवरील आणि खुणांवरील हुकमतीचे. दुसरा माणूस चुकेल तेव्हा काय करावयाचे, हे वडिलांना कोणी विचारले नाही. ते त्यांनी स्वतःच ठरविले होते. खाप्याच्या बाजाराच्या दिवशी गावात शिरताना ते ट्रक इतका हळू करीत की, क्लीनर वैतागे. शेजारी बसलेल्या मला म्हणत, "बापू, बैलाजवळ लायसन नसते." मला तेव्हा यात विनोदापलीकडे काही दिसले नव्हते.

वडील बाजारात जे करीत त्याला अमेरिकेत नाव मिळत होते. हॅरल्ड स्मिथ या माणसाने 1952 साली व्यावसायिक चालकांना शिकविण्याची पद्धत बसविली. नजर लांब ठेवा, सभोवार पाहा, डोळे फिरते ठेवा, निसटावयास जागा ठेवा, आणि आपण दुसऱ्याला दिसलो आहोत याची खात्री करा, अशी त्याची पाच सूत्रे. इंग्लंडात 1930 च्या दशकातच हेंडन येथे पोलिसांना सावधपणे गाडी हाकण्याची शिस्त शिकवीत, आणि 1955 साली त्या शिकवणुकीचे पुस्तक सर्वांसाठी छापले गेले. ज्यांनी दंड करावयाचा त्यांनाच आधी शिकवावे लागले, यात मोठा न्याय आहे. पुढे 1964 साली अमेरिकेच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलने 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग'चा अभ्यासक्रम काढला. आपण त्याला बचावाचे चालन म्हणू. या संस्थेचा जन्म 1913 चा, कारखान्यांतील अपघात टाळण्याच्या खटपटीतून झालेला. आणि त्या कारखानी विचाराचा ठसा तिच्या शिकवणुकीवर आहे. कारखान्यात मजुराचा हात यंत्रात गेला तर चूक कोणाची हा एक प्रश्न, आणि तो जाणे टळले असते का हा दुसरा. कौन्सिलने हा दुसरा प्रश्न रस्त्यावर आणला. परिस्थिती प्रतिकूल असली, दुसरा चुकला, तरी चालकाने आपल्या हातचे सर्व केले होते का? केले नसेल तर तो अपघात टाळता येण्याजोगा होता, मग न्यायालय दोष कोणालाही देवो.

आमचा कायदा बराच काळ पहिल्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. 1946 पासून तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा झाला, पण भरपाई हवी तर चालकाचा निष्काळजीपणा शाबीत करावा लागे. 1977 साली मुंबईकडच्या मिनू मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. निष्काळजीपणा नाही तर जबाबदारी नाही. 1982 च्या दुरुस्तीने मात्र एक फट पाडली. दोष कोणाचाही असो, मृत्यू झाल्यास 15,000 आणि कायमचे अपंगत्व आल्यास 7,500 रुपये द्यावे, असे ठरले. 1988 च्या नव्या कायद्यात हे आकडे 25,000 आणि 12,000 झाले. या 12,000 कडे मला परत यावयाचे आहे.

आणि 2019 च्या दुरुस्तीने, ती 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात येऊ लागली, दंड भरून सुटण्याची वाट अरुंद केली. अपराध पैसे देऊन मिटविला तरी उजळणीच्या अभ्यासक्रमातून सुटका नाही, असे कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे माझा राग अर्नोल्डच्या काळातला होता आणि कायदा त्याच्यापुढे गेला होता. आमच्या नागपुरातच याचे ठळक उदाहरण घडले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, आणि पुढच्या वर्षी, भरमसाट वेगाने आलेल्यांना नाक्यावर थांबवून त्यांचे समुपदेशन करण्यास सुरुवात झाली. चित्रफीत दाखवावयाची, प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावयाची. लोक हसले. मीही हसलो होतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली, त्यानंतर हसावयाचे राहिले नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली. खाप्यासारखी किती गावे त्यात संपतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता माझ्या वर्गाकडे येतो. शिकविणारे गृहस्थ एस.टी.त चालकांना शिकवून निवृत्त झालेले होते. बोलणे संथ, आवाज बारीक. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी मोटार, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे वीस मीटर जाते. साठने जाणारी सुमारे सदतीस मीटर. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट. कारण एक सेकंद तर पाय ब्रेकवर जाण्यातच जातो, आणि ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. गणित सोपे होते. मग त्यांनी प्रत्येकाला कागद दिला आणि आपल्याला झालेला एक अपघात लिहावयास सांगितला. पण एक अट घातली. चूक कोणाची हे लिहावयाचे नाही. दोनच गोष्टी लिहावयाच्या: तुम्हाला धोका प्रथम केव्हा दिसला, आणि त्यानंतर तुम्ही काय केले.

मी बराच वेळ पेनाचे टोपण लावीत आणि काढीत बसलो.

1991 च्या पावसाळ्याअखेर, संध्याकाळी, मी स्कूटरवरून सावनेरहून खाप्याला येत होतो. गावाजवळ डाव्या अंगाच्या गल्लीतून सायकलवर एक विणकर बाहेर आला. मागे सुताचे बाचके बांधलेले. खापा हे कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेले विणकरांचे गाव, 1867 पासून नगरपालिका असलेले. सुताचे बाचके घेतलेली सायकल हे तेथले रोजचेच दृश्य. मुख्य रस्ता माझा होता. मी हॉर्न दिला. तो आडवा आला, आणि आम्ही दोघे पडलो. मला खरचटले, त्याची मांडी मोडली. पंचनाम्यात चूक त्याची ठरली. मी त्याला दवाखान्यात नेले, दोनदा पाहून आलो, पहिला खर्चही दिला, आणि आपण फार चांगले वागलो असे मला वाटले. त्याचा पाय नीट जुळला नाही. खड्ड्याच्या मागावर विणकराला दोन्ही पायांनी पायपट्ट्या दाबाव्या लागतात. त्याचा माग बंद पडला. बायको दुसऱ्यांच्या घरी कांड्या भरू लागली.

कायद्याप्रमाणे त्याला 12,000 रुपयांचा दावा करता आला असता, चूक त्याची असूनही. कलम तेव्हा अमलात होते. स्कूटरचा विमा होता. मी शिकलेला, कागदपत्रे वाचणारा. मी चौकशी केली नाही. पंचनामा माझ्या बाजूने होता, तेव्हा आणखी कसली चौकशी करावयाची?

कागदावर मी अखेर लिहिले: 'गल्लीच्या तोंडाशी सायकल मला दुरून दिसली. पन्नास पावलांवरून तरी नक्की. त्यानंतर मी हॉर्न दिला. वेग कमी केला नाही.' बत्तीस वर्षांत हे वाक्य मी कोणाजवळ उच्चारले नव्हते. पोलिसांनी विचारले नव्हते. त्यांना प्रश्न दुसराच होता. गृहस्थांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि इतरांच्या कागदांबरोबर ठेवून दिला. "हॉर्न म्हणजे ब्रेक नव्हे," एवढेच ते सर्वांना उद्देशून म्हणाले.

लायसन्स परत मिळाले. तीन महिने बसने हिंडण्याची सवय झाली होती, म्हणून मोटार न काढता एका संध्याकाळी मी विणकरांच्या आळीत चालत गेलो. तो ओट्यावर बसला होता, काठी शेजारी. आता फार म्हातारा दिसतो, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असून. त्याच्या सुनेने चहा केला. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात जातो. घरात माग नाही. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी त्याला सांगितले की, त्या दिवशी तू मला दुरून दिसला होतास, आणि मी स्कूटर हळू केली नव्हती. 12,000 रुपयांचेही सांगितले. ते सांगताना मात्र मान वर झाली नाही.

तो थोडा वेळ काठीची मूठ चोळीत राहिला.

"म्या बी तुमाले पायलं होतं, मास्तर," तो म्हणाला. "वाटलं, थांबतीन."