दुसऱ्या महायुद्धातील भारतीय हवाई दलाच्या विमानांवरील खुणा

दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या विमानांवर रंगवलेली वर्तुळाकार राष्ट्रचिन्हे, शेपटीवरील पट्टे, ओळख-अक्षरे आणि अनुक्रमांक यांना एकत्रितपणे विमानावरील खुणा म्हणतात. युद्धकाळात त्या अनेकदा बदलल्या. त्यामुळे विमानांच्या लघुप्रतिकृती तयार करणाऱ्यांना केवळ विमानाचा प्रकार कळून भागत नाही. ते विमान कोणत्या महिन्यात, कोणत्या आघाडीवर होते हेही शोधावे लागते.

लाल रंगाचा त्याग

१९३२ साली स्थापन झालेल्या या दलाने ब्रिटिश हवाई दलाचे निळे, पांढरे आणि मध्यभागी लाल असे राष्ट्रचिन्ह वापरले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर हा लाल ठिपका धोक्याचा ठरला. जपानी विमानांवर तांबडा गोल असे आणि घाईच्या क्षणी विमानभेदी तोफेवरील सैनिक स्वपक्षाच्याच विमानावर गोळीबार करण्याची शक्यता होती. अमेरिकेनेही १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका याच कारणाने काढला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४२ मध्ये लाल भाग पांढऱ्या रंगाने झाकण्यात आला. पुढे गडद निळा व फिकट निळा अशा दोनच रंगांचे लहान चिन्ह आले. लढाऊ विमानांवर त्याचा व्यास सामान्यतः १६ इंच असे. १:७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर तो जेमतेम साडेपाच मिलिमीटर भरतो. १९४५ च्या सुरुवातीस पंख व शेपटीवर ओळखीचे रुंद पांढरे पट्टेही दिसू लागले.

मुंबईची लायसँडर विमाने

१९४१ साली मुंबईच्या युद्धनिधीतून क्रमांक १ स्क्वाड्रनला बारा वेस्टलँड लायसँडर विमाने भेट मिळाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली हे स्क्वाड्रन ब्रह्मदेशातील तौंगू येथून लढले. मूळची टेहळणीसाठी असलेली ही विमाने तेथे बॉम्बफेकीसाठी वापरली गेली. ही मोहीम लाल रंग वगळण्यापूर्वीची असल्याने त्या विमानांच्या प्रतिकृतीवर लाल केंद्र असणेच योग्य ठरते. तयार डेकलच्या संचात हा फरक पाळलेला असेलच असे नाही.

पुराव्यांची पारख

छायाचित्रे हा मुख्य पुरावा असला तरी कृष्णधवल छायाचित्र फसवे असते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा, पिवळा अपेक्षेपेक्षा गडद, तर निळा फिकट उमटतो. जर्मन लढाऊ विमानांच्या अभ्यासात ही अडचण अधिक तीव्र होते. तेथे पांढरा, लाल किंवा काळा आणि पिवळा अशा आकड्यांच्या रंगावरून तुकडी ओळखली जाते. रंग चुकला की विमान दुसऱ्याच तुकडीचे ठरते. भारतीय विमानांच्या बाबतीत अनुक्रमांक अधिक भरवशाचा. लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील स्क्वाड्रनांच्या कार्यनोंदवह्यांत उड्डाणनिहाय विमान व वैमानिक यांची नोंद आढळते, त्यामुळे छायाचित्रातील अनुक्रमांक एखाद्या ठरावीक दिवसाशी जोडता येतो.

संग्रहालयातील विमाने मात्र जपून वापरावी लागतात. दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात असलेले लायसँडर मुंबईने दिलेल्या विमानांपैकी नाही. ते कॅनडाकडून एका लिबरेटर विमानाच्या बदल्यात मिळालेले असून, त्याच्यावरील रंगकाम १९४२ चा पुरावा मानता येत नाही.