भजन, कीर्तन, गोंधळ रेकॉर्ड करायचाय? रेकॉर्डर घेण्याआधी हे वाचा

काकडा, हरिनाम सप्ताह, खंडोबाचं जागरण, जत्रेतला गोंधळ, लग्नातली सनई. गावात वर्षभर काही ना काही गायलं-वाजवलं जातं. हातात मोबाईल आल्यापासून रेकॉर्डिंगही भरपूर होतं. पण घरी येऊन ऐकलं तर पखवाजाच्या थापेला आवाज फाटलेला, बुवांचे शब्द अस्पष्ट आणि ऐन गजरात कुणाचा तरी फोन आलेला.

सप्ताह पुढच्या वर्षी पुन्हा होईल, गाणारी माणसं मात्र तीच राहतील असं नाही. जुन्या चाली, गणाच्या पारंपरिक चढणी, भलरी, जात्यावरच्या ओव्या ज्यांना पाठ आहेत ती बहुतेक मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शब्द वहीत उतरवता येतात, पण चाल आवाजातच राहते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बऱ्याच ओव्या आज 'पारी' या संकेतस्थळावर बायांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. घराघरातलं जातं बंद पडलं, तरी त्या ओव्या वाचल्या. आपल्या गावातला ठेवा राखायचा तर चांगलं रेकॉर्डिंग हवं, आणि त्यासाठी हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर पुरतो.

मोबाईल कुठे कमी पडतो?

मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. बोलणारा हळू बोलला की तो आवाज आपोआप वाढवतो, मोठ्याने बोलला की दाबतो. बोलण्याला हे ठीक, पण गाण्याचा त्यात घोटाळा होतो. पखवाजाची जोरदार थाप पडली की मोबाईल सगळाच आवाज दाबतो आणि त्यात गाणाऱ्याचा आवाजही बुडतो. शिवाय एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याचा गोंगाट, असं समजून तो कमी करायला जातो. मग वीणा आणि पेटीचा सूरही कापला जातो.

मोबाईलच वापरायचा असेल तर तो विमान मोडवर टाका, आवाज सुधारण्याच्या सेटिंग बंद करा आणि डब्ल्यूएव्ही फाईल करणारं ॲप घ्या. एकट्या माणसाच्या ओव्या किंवा गप्पा यासाठी एवढं चालून जातं. टाळ-पखवाज, संबळ, हलगी असेल तर रेकॉर्डरच लागतो.

रेकॉर्डर तीन प्रकारचे

पहिला प्रकार व्हॉईस रेकॉर्डरचा. हा मीटिंग, मुलाखतीसाठी असतो. दिसायला लहान आणि स्वस्त, पण जोराचा आवाज त्याला झेपत नाही. भजनासाठी हा घेऊ नये.

दुसरा प्रकार दोन माईकचा स्टिरिओ रेकॉर्डर. झूम कंपनीचे एच१एन आणि एच१ इसेन्शियल, टॅस्कॅम कंपनीचे डीआर-०५एक्स आणि डीआर-०७एक्स हे यातले माहितीतले मॉडेल. गावातल्या भजनी मंडळाला किंवा एखाद्या हौशी पोराला हा प्रकार पुरेसा आहे.

तिसरा प्रकार चार ट्रॅकचा. झूम एच४एन प्रो, टॅस्कॅम डीआर-४०एक्स हे यात येतात. यांना स्वतःचे माईक असतातच, शिवाय साऊंडवाल्याची तीन पिनची केबल थेट लागते. बुवांचा आवाज साऊंड सिस्टीमवरून आणि टाळ-पखवाज रेकॉर्डरच्या माईकवरून, असे वेगवेगळे घेऊन नंतर जुळवता येतात. साहजिकच हा महाग पडतो आणि शिकायलाही वेळ लागतो.

घेताना या सहा गोष्टी बघा

१. लेव्हल हाताने लावता येते का? ही सर्वात महत्त्वाची गोष्ट. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करून लेव्हल आपल्याला ठरवता आली पाहिजे. ही सोय नसेल तर तो रेकॉर्डर संगीतासाठी नाही.

२. किती जोराचा आवाज झेपतो? हे माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेलं असतं. एच१एनचा आकडा १२० आहे, तर डीआर-०५एक्सचा १२५. भजन, कीर्तन, गोंधळाला हे पुरतं. ढोल-ताशा किंवा हलगीच्या अगदी तोंडाशी धरला तर मात्र कोणताही छोटा रेकॉर्डर फाटणारच.

३. माईकची दिशा कोणती? डीआर-०५एक्सचे माईक चारी बाजूंचा आवाज घेतात. रिंगण करून म्हटलेलं भजन, दिंडी, लेझीम याला ते बरे. एच१एन आणि डीआर-०७एक्सचे माईक समोरचा आवाज जास्त घेतात. मागे बसलेल्यांची कुजबुज किंवा लांबचं जनरेटर कमी यावं असं वाटत असेल तर हे घ्या.

४. फाईल कोणती होते? डब्ल्यूएव्ही म्हणजे जसा आवाज तशी फाईल. एमपी३ ही दाबून लहान केलेली. मूळ रेकॉर्डिंग कायम डब्ल्यूएव्हीत, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. डब्ल्यूएव्हीवरून एमपी३ कधीही करता येते. एमपी३ करताना गेलेला आवाज मात्र परत आणता येत नाही.

५. कोणत्या सेलवर चालतो? साधे पेन्सिल सेल लागत असतील तर खेड्यात सोय होते, कारण ते पानटपरीवरही मिळतात. आतच बसवलेली बॅटरी असेल तर ती उतरल्यावर कार्यक्रम संपेपर्यंत काही करता येत नाही.

६. हेडफोनचा जॅक आहे का? रेकॉर्डिंग चालू असताना कानाला लावून ऐकता आलं पाहिजे. पडद्यावरचा काटा हलतोय म्हणजे आवाज चांगलाच येतोय, असं नसतं.

३२ बिट फ्लोट म्हणजे काय?

एच१ इसेन्शियलसारख्या नव्या रेकॉर्डरमध्ये '३२ बिट फ्लोट' ही सोय आहे. यात लेव्हल लावावीच लागत नाही. हळू आवाज नंतर वाढवता येतो आणि मोठा आवाजही न फाटता खाली आणता येतो. ज्याला कार्यक्रमात टाळही वाजवायचाय आणि रेकॉर्डिंगही करायचंय, त्याला ही मोठी सोय आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माईकच्या झेपेपलीकडचा आवाज आला तर तो यातही फाटतो. आणि नंतर कॉम्प्युटरवर आवाज नीट करून घ्यावा लागतो. त्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

लेव्हल कशी लावायची?

कार्यक्रम सुरू होण्याआधी पखवाजी आणि टाळकऱ्यांना एक जोरदार गजर करायला सांगा. त्या वेळी पडद्यावरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. रंगात आल्यावर मंडळी याहून जोरात वाजवतात, ती जागा मोकळी राहते. पट्टी शून्याला लागली की आवाज फाटलाच. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. एकदा लावलेली लेव्हल सारखी बदलू नका.

रेकॉर्डर ठेवायचा कुठे?

महागडा रेकॉर्डर चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा साधा रेकॉर्डर योग्य जागी ठेवलेला बरा.

- सतरंजीवर किंवा टेबलावर ठेवू नका. पावलांचा, पेटी सरकवल्याचा धक्का त्यात येतो. छोटं स्टँड घ्या. बहुतेक रेकॉर्डरला खाली स्क्रूची जागा असते, त्यात कॅमेऱ्याचं स्टँड बसतं.
- एकट्या गाणाऱ्याला दोन-तीन फुटांवर, तोंडाच्या उंचीला ठेवा.
- भजनी मंडळ असेल तर सहा ते आठ फूट समोर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा वर, तोंड गाणाऱ्याकडे. पखवाज जवळ आणि गाणारा लांब, असं होऊ देऊ नका.
- गोंधळ, जागरणात संबळ आणि दिमडीपासून लांब, पण मुख्य गाणाऱ्याच्या समोर ठेवा.
- कर्ण्याच्या किंवा स्पीकरच्या समोर कधीच ठेवू नका.
- उघड्यावर वारा असतोच. स्पंजची टोपी थोड्या वाऱ्याला पुरते, माळावरच्या जत्रेला केसाळ टोपी लागते. रेकॉर्डरमध्ये 'लो कट' असेल तर ते चालू करा, वाऱ्याची आणि जनरेटरची घरघर कमी होते.
- घरात रेकॉर्डिंग करताना पंखा, फ्रिज थोडा वेळ बंद ठेवा.

साऊंड सिस्टीमवरून घेताना सावध

कीर्तनात बुवांपुढे माईक असतो, त्यामुळे साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून केबल घेतली की आवाज स्वच्छ येतो. पण केबल 'लाईन आउट' किंवा 'रेक आउट' लिहिलेल्या जागेतूनच घ्या. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारा रेकॉर्डरला जोडल्या तर रेकॉर्डर जळतो. रेकॉर्डरमध्येही 'लाईन' ही सेटिंग निवडा, नाहीतर आवाज सुरुवातीपासूनच फाटून येतो. माईक नसलेली वाद्यं मिक्सरमधून येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ज्या टाळांना माईक नाही ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणार नाहीत. चार ट्रॅकचा रेकॉर्डर इथेच उपयोगी पडतो.

कार्ड आणि सेलचा हिशेब

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला तासाला साधारण १ जीबी लागतं. सप्ताहाची सात कीर्तनं आणि काल्याचं एक, प्रत्येकी दोन तास धरले तर १६ तास होतात. म्हणजे १७ जीबीच्या आसपास. ३२ जीबीच्या एका कार्डात अख्खा सप्ताह बसतो. हेच १२८ केबीपीएसच्या एमपी३त केलं तर तासाला ६० एमबीसुद्धा लागत नाहीत, पण मूळ ठेव्यासाठी तो मार्ग नको.

लांब कार्यक्रमात फाईल २ जीबीची झाली की बरेच रेकॉर्डर आपोआप दुसरी फाईल सुरू करतात. घाबरून बंद करू नका, नंतर जोडता येतात.

रेकॉर्डर लाईटवर लावला असला तरी आत सेल असू द्या. ऐन वेळी लाईट गेली तर चालू फाईल खराब होऊ शकते. पॉवर बँक लावणार असाल तर आधी घरी तासभर चालवून बघा. रेकॉर्डर इतकी कमी वीज घेतो की काही पॉवर बँक काही जोडलेलंच नाही असं समजून आपोआप बंद पडतात. सेल काढण्याआधी 'स्टॉप' दाबा आणि फाईल जतन होऊ द्या.

खरेदी करताना

दोन-तीन दुकानांत आणि ऑनलाईन भाव विचारा. जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय घेऊ नका. वापरलेला घेत असाल तर दुकानातच दहा मिनिटं रेकॉर्डिंग करून हेडफोनवर ऐका. दोन्ही बाजूंनी आवाज सारखा येतो का आणि कार्डची खाच ढिली झालीय का, ते तपासा. मेमरी कार्ड नकलीही मिळतात. त्यावर मोठा आकडा छापलेला असतो, आत जागा कमी असते. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून फायली उघडून बघा, मगच सप्ताहाला न्या. बजेटमध्ये स्टँड, वाऱ्याची टोपी, कार्ड आणि हेडफोनचे पैसे आधीच धरा.

गाणाऱ्याची परवानगी

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलावंताचा हक्क असतो आणि तो ५० वर्षं राहतो. स्वतःला ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला कायद्यात सूट आहे. यूट्यूबवर टाकायचं, त्यावर पैसे मिळवायचे किंवा दुसऱ्याला विकायचं असेल तर आधी विचारा, जमलं तर दोन ओळी लिहून घ्या. वाघ्या-मुरळी, गोंधळी, शाहीर यांची ही रोजीरोटी आहे. बुजुर्ग कलावंताला रेकॉर्डिंगची एक प्रत नक्की द्या. त्यांच्या घरच्यांना पुढे तोच आधार असतो.

रेकॉर्डिंग जपायचं कसं?

रेकॉर्डिंग सुरू करताच आधी तोंडाने बोला: तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, वाद्यं कोण वाजवतंय, ही चाल कुणाकडून शिकले. कागद हरवतो, पण फाईलमध्ये बोललेलं फाईलबरोबरच राहतं. घरी आल्यावर फाईलला त्याच माहितीचं नाव द्या. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्याच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत म्हणजे जपणूक नव्हे. कार्डही कायमचं टिकत नाही, त्यामुळे तिन्ही प्रती तयार झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

नवा रेकॉर्डर घेतल्यावर पहिला मोठा कार्यक्रम शोधत बसण्यापेक्षा गावातल्या सर्वात वयस्कर गाणाऱ्याच्या घरी आधी जावं. ओसरीवर, पंखा बंद करून, घाई न करता तासभर ऐकून घ्यावं. हात बसायला तेवढा सराव पुरतो, आणि ती चाल दुसऱ्या कुणाकडे मिळण्याची शक्यता सर्वात कमी असते.