पालकांची सही

स्मरणिका समितीने माझ्यावर काम सोपवले होते ते शाळेच्या जुन्या दप्तरातून आपल्या तुकडीची नावे काढण्याचे. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिले. नावे तासाभरात उतरून झाली, पण मी दुपारभर तिथेच बसून राहिलो. त्या पानांवर आपल्यापेक्षा आपले आईबापच जास्त दिसत होते.

आधी जन्मतारखेचा रकाना बघा. १ जून, १ जून, पुन्हा १ जून. नाव घालायला आलेल्या आईला गुरुजी विचारायचे, “पोरगं कधीचं?” ती सांगायची, “मोठा पूर आला त्या साली, बेंदराच्या आदल्या दिवशी.” गुरुजी मनाशी हिशेब करायचे आणि जूनमध्ये पहिलीचे वय पुरे भरेल अशी तारीख अक्षरी लिहून टाकायचे. घर आणि शाळा यांच्यातला हा पहिला संवाद. तो आयुष्यभर पुरला. आपल्यातले किती जण ३१ मे रोजी निवृत्त झाले, आठवून बघा. माझाही निरोपसमारंभ त्याच दिवशी झाला.

आपल्या कोल्हापूर भागात या संवादाची सुरुवात मात्र दंडाने झाली होती. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्ती सुरू केली होती आणि १९०६ साली ती सगळ्या संस्थानाला लागू झाली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर शाळेकडून पहिला निरोप गेला तो ‘पोर पाठवा, नाहीतर रुपया भरा’ असा. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा परिषदेची झाली. दंडाची भीती केव्हाच मागे पडली होती. तिच्या जागी आली चिठ्ठी.

चिठ्ठीची भाषा आठवते? ‘सप्रेम नमस्कार वि. वि. आपला पाल्य गेले चार दिवस गैरहजर आहे.’ पाल्य हा शब्द आपण कुणी घरी कधी ऐकला नव्हता. माझी आजी विचारायची, “पाल्य म्हंजे कोन?” उलट दिशेने जाणारी चिठ्ठी पोरानेच लिहायची आणि खाली आईचा अंगठा. कारण नेहमी ताप. खरे कारण कधी भांगलण, कधी गुऱ्हाळ, कधी आठवड्याचा बाजार. गुरुजी गावातच राहात होते. कुणाच्या शेतात भांगलण चालू आहे हे त्यांना चिठ्ठीआधीच ठाऊक असायचे. तरी ते चिठ्ठी घडी घालून हजेरीपत्रकात ठेवायचे आणि म्हणायचे, “ताप उतरला ना? बस.”

प्रगतिपुस्तकाचेही तसेच. १ मे रोजी झेंडावंदन झाले की निकाल. शेवटी ‘पालकांची सही’ असा रकाना. ज्यांच्या घरी सही करणारे कुणी नव्हते त्यांच्यासाठी गुरुजींच्या टेबलावर निळ्या शाईचे पॅड असायचे. काही बाया पदरात हात लपवून यायच्या आणि अंगठा उठवून झाला की तसाच हात पुन्हा पदरात घेऊन जायच्या. त्या अंगठ्याची आपल्याला तेव्हा लाज वाटायची. आता ती पाने कुणाच्या घरी शिल्लक असतील तर जपून ठेवा.

या सगळ्या व्यवहारात एक मोठी गोम होती. चिठ्ठी नेणारा पोस्टमन आणि ती वाचून दाखवणारा वाचक एकच, तो म्हणजे आपण. त्याचा फायदा मी एकदा घेतला. ते इथे लिहून टाकतो.

मी सहावीत होतो, धाकटी बहीण चौथीत. गुरुजींनी माझ्या हाती चिठ्ठी दिली. मुलगी हुशार आहे, शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायची आहे, संध्याकाळी जादा तासाला पाठवावे आणि फीचे पैसे द्यावेत, असा मजकूर होता. संध्याकाळी बहीण शाळेत थांबली तर पाणी आणि म्हैस माझ्या वाट्याला येणार होती. मी आईला वाचून दाखवले, “मुलांची नखे कापून पाठवावीत.” आईने त्या रात्री दोघांची नखे कापली.

पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः घरी आले. घोंगडीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “चिठ्ठी पोचली नाही काय?” आईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “पोचली की. सवडच झाली न्हाई बघा.” डब्यातून पैसे काढून तिने फी दिली. त्या रात्री ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र प्रत्येक चिठ्ठी ती माझ्याकडून वाचून घ्यायची आणि मग शेजारच्या काकूंकडून पुन्हा एकदा.

आपल्यानंतरच्या पोरांचे निराळे. १९९५ पासून शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तरच. मग आयाच शाळेच्या दारात येऊन विचारू लागल्या, “हजेरी किती भरली?” दंडाने जे साधायचे होते ते तांदळाने बरेचसे साधले असे माझे मत आहे. पुढे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या महिला आल्या. आता बाई मोबाइलवर ग्रुपमध्ये निरोप टाकतात. आई तो स्वतः वाचते आणि लगेच उलट प्रश्नही विचारते. मधला वाचक गेला.

रजिस्टर मिटण्याआधी शेवटचा रकाना पाहिला, ‘शाळा सोडण्याचे कारण’. मुलींच्या नावांपुढे ‘पालकांच्या विनंतीवरून’ कितीदा तरी आहे, कुठे पाचवी, कुठे सहावी. ती विनंती कुणी केली, कशासाठी केली, याची नोंद कुठेच नाही. मी बहिणीचे नाव शोधले. शिष्यवृत्ती तिला दोन-चार गुणांनी हुकली होती, पण जादा तासाची गोडी लागली ती लागलीच. तिच्यापुढे लिहिले आहे, ‘सातवी उत्तीर्ण’. पुढे ती हायस्कूलला गेली.

मेळाव्याला ती येणार आहे आणि ही स्मरणिका तिच्याही हातात पडेल. नखांची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.